चौदा शहरांचा दौरा

‘ड्रमरचा डावा हात गेलाय. चौदा सोडा, चार शहरंसुद्धा निघायची नाहीत.’

फोनवरच्या या दोन ओळी वाचल्या आणि ड्रमरनं हातातला पाना फरशीवर आपटला. समोर एक वॉशिंग मशीन पोट उघडं टाकून उभं होतं. बँड फुटल्यापासून सतरा वर्षं तो हीच यंत्रं दुरुस्त करत आला होता.

तीन महिन्यांपूर्वी बँड पुन्हा जुळला. पाच कार्यक्रम झाले, पाचही तुडुंब भरले; ड्रमरची बायको पाचही वेळा विंगेत उभी होती. पुढे काय, ते मात्र कुणी सांगेना. गायिका म्हणे, बघू. मॅनेजर म्हणे, थांबा. मग ड्रमर आपल्याच बँडचं भविष्य चाहत्यांच्या ग्रुपवर वाचायला लागला. तिथं त्याचं नाव होतं ‘गंजका खिळा’. तो कोण, हे बायकोशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं.

चाहते अंदाजात पटाईत. गिटारवाल्यानं केस कापले, म्हणजे नवा अल्बम. गायिकेनं लाल बूट घेतले, म्हणजे परदेश. सामानाच्या ट्रकवर चौदा पट्टे रंगवले, म्हणजे चौदा शहरांचा दौरा. ड्रमरला हसू यायचं, आणि रात्री अंथरुणावर तीच चौदा शहरं तो बोटांवर मोजायचा.

या गोडव्यात मिठाचा खडा टाकणारा एकच होता. ‘कोरा कागद’. रोज दुपारी दीडच्या सुमाराला उगवायचा.

‘तिसऱ्या गाण्यात काठी करंगळीतून निसटते. दोन ठोके तो उजव्या हातानं भागवतो. टाळ्यांच्या गदारोळात तुम्हाला कळत नाही, एवढंच.’

ड्रमरच्या कानशिलांत रक्त उसळलं. कारण ते खरं होतं.

‘तू कोण रे दीडशहाणा?’ त्यानं लिहिलं. ‘समोर ये, दात घशात घालतो.’

‘दात नंतर. आधी हात दाखव म्हणावं त्याला डॉक्टरला.’

घरी येईपर्यंत तो धुमसत होता. बायको चष्म्याच्या दुकानात काचा बसवायची; मधे डब्यापुरती काय ती सुट्टी. नुकतीच परतली होती, चपलाही पायातच होत्या.

“हे बघ काय लिहिलंय! हे माझ्या शेजारी उभं राहणाऱ्यालाच दिसू शकतं.”

“खोटं आहे का पण?” तिनं विचारलं.

“प्रश्न तो नाहीये!”

“मग कुठला आहे? सकाळी तुझ्या हातून बरणीचं झाकण निघालं नाही. मी काढून दिलं.”

“सुरू झालं तुझं! विसाव्यांदा तेच.”

“विसाव्यांदाच. आणि वीसही वेळा तू ताटावरून उठलास. घरच्या माणसानं सांगितलं की तुझा पारा चढतो, आणि कुठल्या गंजक्या-बुरसटलेल्या नावाच्या माणसांनी सांगितलं की तुला वेदवाक्य.”

तो ऐकत नव्हता. त्याच्या डोक्यात एकच चेहरा घट्ट बसत चालला होता. बासवाला. स्टेजवर बास गिटार घेऊन चार हातांवर उभा असतो. त्याची मोटार शिकवण्याची शाळा दीड वाजता जेवायला सुटते. आणि त्याची मुलगी दोन वर्षांपासून ड्रम शिकतेय.

“बासवाला,” तो म्हणाला. “पोरीसाठी जागा करतोय.”

बायकोनं पायातून काढलेली चप्पल हातातच राहिली. “भलतंच काय! तो तसा नाही.”

“तुला काय माहीत तो कसा आहे ते!”

रविवारी सकाळी सगळे तालमीच्या खोलीत जमले. भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या, खाली वायरींचा गुंता. मॅनेजर आज हसत आला होता. त्यानं टेबलावर कागद पसरले.

“करार. चौदा शहरं. करा सह्या.”

गायिकेनं गिटारवाल्याला मिठीच मारली. बासवाल्यानं पेन उचललं.

“थांब,” ड्रमर म्हणाला आणि त्यानं फोन बासवाल्याच्या नाकासमोर धरला. “आधी हे सांग. हे लिहिणारा तूच ना?”

बासवाल्यानं डोळे बारीक करून वाचलं. “लेका, मला दोन ओळी लिहायला अर्धा तास लागतो. मी कशाला लिहू?”

“मग पोरीकडून लिहून घेतलंस. जागा हवीय ना तिला माझी?”

बासवाल्यानं पेन हलकेच खाली ठेवलं.

“माझ्या मुलीचं नाव काढू नकोस.”

“काढणार! चोराच्या घरात चोरच निपजायचे.”

“सतरा वर्षांपूर्वीही तू असंच बोट दाखवलं होतंस,” बासवाला म्हणाला. “तेव्हाही माझ्यावरच. तेव्हा मी बाहेर गेलो आणि तुझी वाट बघत बसलो. सतरा वर्षं! आता नाही बघणार.”

त्यानं गिटार पेटीत ठेवली, खटके लावले आणि तो गेला. गायिका दारापर्यंत धावली, हाका मारत राहिली. मॅनेजरनं करार घडी करून बॅगेत घातला.

“तुझा हात गेला असता तरी चाललं असतं रे,” गायिका ड्रमरकडे न बघता म्हणाली. “तोंड गेलं असतं तर जास्त बरं झालं असतं.”

दुपारी तो ताठ मानेनं घरी आला. बूटसुद्धा न काढता बायकोला सगळं सांगितलं.

“गेला एकदाचा! ‘कोरा कागद’ गेला. दौरा बुडाला तर बुडाला. पण पाठीत खंजीर खुपसणाऱ्याबरोबर मी वाजवणार नाही. चुकलं का माझं? बोल ना.”

ती तोंडाला पदर लावून स्वयंपाकघरात गेली. आतून ताट मांडल्याचा आवाज आला, मग तोही थांबला.

मग त्याचा फोन वाजला. ग्रुपवर नव्हे, त्याच्या एकट्यासाठी निरोप होता. पाठवणारा ‘कोरा कागद’.

‘आधी बासवाल्याला फोन लाव आणि त्याचे पाय धर. मग हात धुऊन ये, पान वाढलंय.’