अकरावी विनंती

दहाव्यांदा पडद्यावर तीच ओळ उमटली: परवानगी नाही.

इंजिनिअरने कीबोर्ड असा ढकलला की पाण्याची बाटली लवंडली. शेजारच्या दोघांनी वर पाहिलं आणि पुन्हा माना खाली घातल्या. चार दिवसांत हा तमाशा त्यांच्या अंगवळणी पडला होता.

काम तसं साधं. डायलिसिसच्या पेशंटांची पाळी, डॉक्टरांची मंजुरी आणि मोकळं मशीन यांची सांगड घालणारं सॉफ्टवेअर इस्पितळाच्या मेनफ्रेमवर, म्हणजे मुख्य मोठ्या संगणकावर, वर्षानुवर्षं चालत होतं. त्याची नवी आवृत्ती आधी चाचणीसाठी वेगळी मांडायची होती. चार सर्व्हर, प्रत्येकाचं एक प्रोफाइल: नाव काय, फाइली कुठे ठेवायच्या, कुणाच्या अधिकारात चालायचं. तीन सुतासारखी सरळ झाली. चौथं मात्र सुरू होण्याआधीच मान टाकत होतं. प्रोफाइलची फाइल त्याने इतकी वाचली होती की आता नजर तिच्यावरून नुसती घसरत होती.

त्याच्या मते घोडं अडलं होतं ते कुलूपबाईंपाशी. मेनफ्रेमच्या परवानग्या सांभाळणाऱ्या बाईंना सगळी इमारत त्यांच्यामागे याच नावाने ओळखायची.

“मॅडम, एकदाच सगळं उघडून द्या ना. मी काय चोर आहे?” तो सकाळी त्यांच्या टेबलाशी जाऊन म्हणाला होता.

“चोर कोण म्हणतंय? कुठल्या फाइली हव्यात, तेवढं लिहून द्या.”

“तेच तर कळत नाहीये!”

“मग कळल्यावर या.”

आता तो तरातरा साहेबांकडे गेला आणि मनातलं सगळं ओकला. साहेब “बघतो” म्हणाले आणि मीटिंगला गेले. जागेवर येऊन त्याने बाईंना अकरावी विनंती पाठवली. विषय एकच: सर्वाधिकार.

पाच मिनिटांत उत्तर आलं. मंजूर.

साहेबांनी बाईंचा बरोबर कान पिळला म्हणायचा! त्याला चार दिवसांत पहिल्यांदा हसू आलं. त्याने काम पुन्हा सुरू केलं. या वेळी कुठेच अडलं नाही. मग पडद्यावर एक प्रश्न आला. आजवर गाडी इथवर पोचलीच नव्हती, म्हणून तो त्याने कधी पाहिलाच नव्हता.

‘या जागी आधीचा मजकूर आहे. पुसून नव्याने मांडायचं?’

होय म्हणायला बोट खाली आलं आणि तसंच थबकलं. आधीचा मजकूर? नव्या सर्व्हरची जागा रिकामीच असायला हवी. त्याने फाइलींचा पत्ता अक्षर अक्षर करून वाचला. एका जागी चाचणीच्या ‘टी’ऐवजी ‘पी’ होता. तो पत्ता चाचणीचा नव्हताच. तो चालू सर्व्हरचा होता. दोनशे साठ पेशंटांच्या पाळ्या त्यात होत्या. चार दिवस तो हाच चुकीचा पत्ता देत होता, आणि दहाही वेळा मेनफ्रेमने त्याला दारातच अडवलं होतं.

त्याने ‘नाही’ निवडलं. तसाच उठून तो बाईंच्या टेबलाशी गेला.

“मॅडम, तो अधिकार आधी काढून घ्या.” मग त्याने सगळं सांगितलं, काही न लपवता. “चूक माझीच होती. आणि वर साहेबांना तुम्हाला फोन करायला लावला. माफ करा.”

बाईंचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी आधी अधिकार काढला, दोनदा तपासला. मग खुर्चीत मागे टेकल्या.

“साहेबांचा फोन आलाच नाही,” त्या हळूच म्हणाल्या. “तुमचे हाल बघवले नाहीत, म्हणून दिला मी.”