थोरला, धाकटा आणि झेंडूचा हार

खंडेनवमीच्या सकाळी दूध संघाचे संगणक सांभाळणारी हेमांगी सर्व्हरच्या खोलीत शिरली आणि पाहते तर काय, मोठा सर्व्हर बंद! वर हळदकुंकू आणि झेंडूचा हार.

"पूजलेलं यंत्र आज चालवायचं नसतं, पोरी," उदबत्ती ओवाळत मॅनेजर घोरपडेअण्णा म्हणाले. "मीच बंद केलं. पहाटेच."

पहाटेच! म्हणजे काट्यावर टँकरची रांग खोळंबलेली असणार. वजनं, पावत्या, सगळं याच यंत्रावर. दूध नासलं तर गावोगावचे लोक जाब विचारायला येतील. तिने शेजारी दुसरा सर्व्हर बसवला होता खरा. दोघांचा माहितीसाठा एकाच पेटीत ठेवला होता, थोरला आडवा झाला तर धाकट्याने त्याच कोठीतून संसार चालवावा म्हणून. पण थोरल्याची वायर काढून ते पडताळायचं धाडस तिला अजून झालं नव्हतं.

ती धावतच काट्यावर गेली. पावत्या फटाफट छापून निघत होत्या.

"काही खोळंबा झाला का हो?" तिने धापा टाकत विचारलं.

"कसला खोळंबा?" काट्यावरच्या मालनताई म्हणाल्या. "चहालासुद्धा सवड नाही मेली!"

हेमांगीने त्यांना गच्च मिठी मारली, तिथेच एक गिरकी घेतली आणि नाचतच खोलीत परतली. अण्णा दुसरा हार घेऊन आता धाकट्याच्या बटणाकडे बोट नेत होते.

"अण्णा, थांबा!" ती हसत हसत ओरडली. "आधी थोरल्याला उठवा, मग धाकट्याला निजवा!"