धाकट्याची पाळी

“त्याला योद्धा व्हायचंय,” ताईने सांगून टाकलं.

प्रश्न तिला नव्हता. खेळ चालवणाऱ्या मुलीने तिच्या भावाला विचारलं होतं, “गोष्टीत तुम्ही कोण होणार?” भावाने तोंड उघडलं होतं. हनुवटी थरथरायला लागली होती. ताईला तेवढं पुरलं.

ही मुलगी एरवी चष्म्याच्या दुकानात काम करायची. दर रविवारी वाचनालयाच्या मागच्या खोलीत माणसं जमवून ती एक गोष्ट सांगायची. गोष्टीतली माणसं मात्र समोर बसलेल्यांनी व्हायचं. आपण काय करतो ते प्रत्येकाने बोलून सांगायचं. जमलं की फसलं ते फासे ठरवणार. टेबलाशी एक सुतार आणि एक नर्स असे दोन मुरलेले खेळाडू होते. हे दोघे भाऊबहीण नवखे.

खरं तर नवखा एकच. ताई नुसती सोबत आली होती. मुलीने तिलाही आपलं पात्र लिहायला एक कागद दिला, तेव्हा ती म्हणाली, “मी वैद्यीण होते. याला कुठे लागलं तर बघायला कुणीतरी हवं.”

त्याची चाळिशी उलटली होती, तरी घरात तो धाकटाच. लहानपणापासून बोलताना अडायचा. वर्गात पोरं त-त प-प करून त्याला चिडवायची आणि ताई शेजारच्या वर्गातून धावत यायची. तेव्हापासून त्याची वाक्यं तीच पुरी करत आली होती. दुकानात, दवाखान्यात, पाहुण्यांपुढे. तो ‘द’वर अडला की ती दूध मागायची. त्याला दही हवं असलं तरी तो मुकाट्याने दूध प्यायचा. पुढे ती बसस्थानकावर गाड्यांच्या घोषणा करायला लागली आणि तो कवळ्या बनवणाऱ्याच्या हाताखाली दात घासून गुळगुळीत करायला. तिथे बोलावं लागत नाही, म्हणून ती नोकरीही तिनेच शोधली होती.

गेल्या महिन्यात तो चष्मा घरी विसरला. ताई तो द्यायला गेली, तेव्हा मालक म्हणाले, “दुसऱ्या गावात नवीन काम काढतोय. याला तिकडे पाठवावं म्हणतो. हात सोन्याचा आहे याचा.”

“एकट्याला नाही जमायचं त्याला,” ताई म्हणाली. “तिथे याच्यासाठी बोलणार कोण?”

धाकटा मान खाली घालून कवळीचे दात घासत राहिला. रात्री जेवताना तो “म... म...” करत अडला. ताईने मीठ पुढे सरकवलं. त्याने घेतलं. आमटी खारट झाली, तीही त्याने संपवली.

आणि परवा त्याने मोबाइलवर लिहून तिला दाखवलं : रविवारी खेळायला जातोय. ताईने ते दोनदा वाचलं. अनोळखी माणसं, आणि खेळही बोलण्याचा. ती म्हणाली, “पहिल्या दिवशी तरी मी असते.”

आता गोष्टीतले चौघे एका पुलाशी आले होते. खाली पूर, मागे पेटलेलं रान. पुलावर राक्षस. मुलीने आवाज जाड केला. “एकाला माझ्याकडे ठेवा. कायमचं. बाकीचे जा.”

सुताराने लाच देऊ केली. फासा टाकला, फसला. नर्सने राक्षसाला गोड बोलून भुलवायला पाहिलं, तेही फसलं. आग जवळ आली. मुलगी धाकट्याकडे वळली. “तुमची पाळी. तुम्ही काय करता?”

“त...” धाकटा म्हणाला. डोळे मिटले गेले. मानेवरची शीर टरारून फुगली. “त... त...”

हे ताईला कधीच बघवलं नव्हतं. बुडणाऱ्याला काठावरून नुसतं बघत बसायचं, असं कुणाला जमतं?

“तलवार,” ती म्हणाली. “तलवार उपसतोय तो.”

“पाळी त्यांची आहे, ताई,” मुलगी म्हणाली.

“अगं, पण अडकलाय तो. दिसतंय ना तुला?”

“अडू द्या ना,” मुलगी शांतपणे म्हणाली. “त्यांचं बोलून होईपर्यंत गोष्टीत काहीच हलत नाही. आगही नाही आणि राक्षसही नाही.”

ताईने सुताराकडे बघितलं. तो हाताची घडी घालून बसला होता. नर्सने घड्याळाकडे बघितलं नाही, खालीही बघितलं नाही. कुणालाच घाई नव्हती. ताईने दोन्ही हातांनी खुर्चीची कड धरून ठेवली. तिच्या जिभेवर दहा शब्द येऊन उभे होते. तलवार, तडजोड, तह. त्यातला एकही तिला आता उच्चारता येत नव्हता.

“त... ता...” धाकट्याने श्वास घेतला, पुन्हा अडला, पुन्हा घेतला. “ताईला ठेव. म... मी... मी पुढे जातो.”

मुलीने फासा उचलला आणि न टाकताच खाली ठेवला.

“राक्षस बाजूला झाला,” ती हळू आवाजात म्हणाली. “तुमचा रस्ता मोकळा.” मग ती ताईकडे वळली. “आता तुमची पाळी. तुम्ही काय करता?”

ताईने तोंड उघडलं. ओठ हलले, पण पहिलं अक्षरच बाहेर येईना. तिने धाकट्याकडे बघितलं. तिला काय म्हणायचं होतं, ते त्याला कळलं होतं. तरी तिचं बोलून होईपर्यंत तो थांबला.