बत्तीस जीबीचं कार्ड

फोटो कॉम्प्युटरवर उतरवल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करायचं नाही, हा आमच्या धंद्यातला पहिला नियम. मानोऱ्यात स्टुडिओ टाकून मला बारा वर्षं झाली, आणि ऐन लग्नसराईत घाईघाईत मीच तो मोडला. तांड्यावरच्या रीताचं अख्खं लग्न पुसलं गेलं, आणि त्याच कार्डावर मी दुसऱ्या दिवशी दुसरं लग्न काढलं.

रीताची आई धनीबाई फोटो न्यायला आली, तेव्हा मी तोंड पाडून म्हणालो, "काकू, कार्ड करप्ट झालं. लय उपाय केले, पण फोटो काही वापस नाई आले."

"करप्ट म्हंजे मेलं का ते?"

"हो काकू. आता ते कोणत्याच कामाचं नाई."

ती निघून गेली. तांड्यावरची माणसं घेऊन ती भांडायला येईल, या धसक्यात मी आठ दिवस काढले.

नवव्या दिवशी ती एकटीच आली. तिने बटव्यातून एक पुडी काढून काउंटरवर ठेवली. आत बत्तीस जीबीचं कोरं कार्ड होतं. मी मेलं म्हणून सांगितलेलं कार्ड शेजारच्याच कॅमेऱ्यात होतं.

"हे कायले, काकू?" मी कसंबसं विचारलं.

 

"आपल्या मांडवात दुसऱ्याची वस्तू मोडली, तं भरून द्या लागते ना भाऊ."