वाक्प्रचारांचे प्रश्न

शिवणकारखान्यात मशीनवर बसणाऱ्या थोरल्या सुनेला कारकुनाची नोकरी हवी होती, पण परीक्षेतल्या इंग्रजी वाक्प्रचारांनी तिला अगदी जेरीस आणलं होतं. सगळे शब्द ओळखीचे असायचे, पण एकत्र आले की भलताच अर्थ निघायचा. भांडी घासतानाही तिची घोकंपट्टी चालायची.

"आभाळातून कुत्री-मांजरं पडतात म्हणे. असलं शिकून नोकरी लागते होय गं वहिनी?" नणंद चिडवायची.

"लागू दे एकदा, मग सांगते तुला," असं म्हणत ती रागारागानं पुढचं पान उघडायची.

दोनदा याच प्रश्नांनी तिला नापास केलं. यंदा मात्र ती पास झाली आणि मुलाखतीचं बोलावणं आलं. समोर दोन साहेब बसले होते. त्यांनी नेमके वाक्प्रचारांचेच अर्थ विचारले आणि तिनं एकही उत्तर चुकवलं नाही. थोरले साहेब खूश होऊन आणखी विचारू लागले, तसे धाकटे साहेब वैतागले. शिवणकाम करणाऱ्या बाईला एवढ्या भरभर बोललेलं इंग्रजी कुठलं कळायला, अशा समजुतीनं ते इंग्रजीतच पुटपुटले, "कशाला वेळ घालवताय सर? आपला माणूस कधीच ठरलाय. ही मुलाखत म्हणजे नुसता आयवॉश आहे."



डोळे धुणं म्हणजे डोळ्यांत धूळ फेकणं कसं, हे पुस्तक वाचून तिला कधीच पटलं नव्हतं, आज पटलं.