पाचाचे दोन

"ताई, तू नुसता चहा टाक. आकडा माझ्यावर सोड. आजवर सव्वीस वस्त्या तपासल्यात मी, एकीचाही आकडा खाली आलेला नाही. हाताला यशच आहे माझ्या!"

"त्या खुर्चीचा एक पाय आखूड आहे," ताई म्हणाली. तोवर तिचा धाकटा भाऊ खुर्चीत बसला होता. मग तो जमिनीवर बसला होता.

ताई वस्तीतल्या बायकांसाठी सक्षमीकरण वर्ग चालवायची, सरकारी पैशावर. असल्या वर्गांनी काय फरक पडला, हे तपासणाऱ्या कचेरीत भाऊ कंत्राटावर होता. लग्नानंतर ताईचं आडनाव बदललेलं, त्यामुळे कचेरीला नात्याचा पत्ता नव्हता. ही वस्ती त्याने मुद्दाम मागून घेतली होती. काम सोपं होतं. बायकांचा आत्मविश्वास एक ते पाचमध्ये मोजायचा. वर्ग सुरू होण्याआधीच्या आकड्यापेक्षा तो खाली आला, तर वर्गाला टाळं. आकडे पाच वाजायच्या आत पाठवायचे. तीन वाजून गेले होते.

त्याने टॅब उघडला आणि आधीचा आकडा दोनदा वाचला. वर्षापूर्वी कुणीतरी दुसराच येऊन गेला होता. चौदा बायका, चौदाही जणींचे पाचपैकी पाच. वर चढायला जागाच नव्हती. घसरायला मात्र अख्खा जिना मोकळा होता.

"बाईंचे भाऊ म्हणजे आमचे मामाच की!" वर्गात जमलेल्या बायकांपैकी पहिली मोठ्याने म्हणाली.

"हळू, हळू," मामा दाराकडे बघत म्हणाला. "घरात तुमच्या मताला किती किंमत आहे? एक ते पाच. विचार नका करू, पटकन सांगा."

तिने विचार केला. "दोन."

टॅबवर आकडा घसरल्याची लाल पट्टी आली.

"अहो, मागच्या वर्षी पाच सांगितलं होतंत!"

"ते सासूबाईंनी सांगितलं होतं. मी आत भांडी घासत होते."

दुसरी म्हणाली, "मागच्या वेळी पाच म्हणजे चांगलं की वाईट, हेच कळलं नव्हतं. तो माणूस घाईत होता, म्हटलं शेवटचा आकडा सांगावा, म्हणजे सुटेल बिचारा. आता विचाराल तर तीन."

तिसरीचा नवरा मागच्या वर्षी तिच्या शेजारी उभा राहून आकडे सांगत होता. आज तो घरी पोरांना सांभाळत होता. "मग आज पाचच ना?" मामाने आशेने विचारलं. तेवढ्यात तिचा फोन वाजला. "डबा दुसऱ्या फळीवर," ती फोनमध्ये म्हणाली आणि मामाकडे वळली. "सकाळपासून अकरावा फोन. तीन लिहा."

मामा उठला, खिडकीपर्यंत गेला, परत आला, घड्याळ बघितलं, पुन्हा खिडकीपर्यंत गेला. चौथीने आकड्यांत दीड आहे का विचारलं. शेवटी त्याने हात जोडले. "बायांनो, वर्ग बंद पडेल! तुमच्याच भल्यासाठी सांगतोय, डोळे मिटून पाच म्हणा."

बायकांनी एकमेकींकडे बघितलं. "यावर बैठक घ्यावी लागेल," पहिली म्हणाली.

बैठकीत प्रत्येकीने बोलायचं, कुणी कुणाला मध्येच तोडायचं नाही, हे त्या वर्गातच शिकल्या होत्या. चौदा जणी बोलल्या. तोडायला फक्त मामा गेला. त्याला दोनदा गप्प बसवण्यात आलं. साडेचारला हात वर करून ठराव झाला. खरं तेच सांगायचं.

"ताई, तू तरी समजाव गं यांना!"

ताई चहाचे कप विसळत होती. हा वर्ग गेला तर तिच्या हातात दुसरं काम नव्हतं. तिने मान वर केली नाही. "वर्षभर मीच घसा फोडून सांगितलंय, दुसऱ्याने सांगितलं म्हणून हो म्हणायचं नाही. आता कुठल्या तोंडाने सांगू?"

मामाने दात-ओठ खाल्ले. टॅब आपल्याच हातात आहे, हे त्याच्या ध्यानात आलं. त्याने पाठ फिरवली आणि पहिलीच्या नावापुढे हळूच पाच दाबलं.

"मामा, मी दोन सांगितलं होतं." पहिली त्याच्या खांद्यावरून वाचत होती. "फॉर्म स्वतः वाचल्याशिवाय सोडायचा नाही, असं बाईंनी शिकवलंय."

मामा तिच्याकडे बघत राहिला. मागच्या वर्षी ही बाई आत भांडी घासत होती. आकडा खाली आला होता, कारण वर्ग चालला होता. झक्कास चालला होता! आणि हे सांगायला त्या टॅबवर एकही प्रश्न नव्हता.

त्याने पाच खोडून दोन केलं. उरलेल्या जणींचे आकडे तो धावतपळत घेत सुटला. सगळ्यात खाली शेऱ्याची एक चौकट होती. चार वाजून अठ्ठावन्न मिनिटांनी त्याने तिच्यात लिहिलं, "आकडा घसरला, कारण बायका आता दुसऱ्याचं ऐकून नाही, स्वतःचं खरं सांगतात." बटण दाबलं. मग त्याला दिसलं की चौकटीत एवढं सगळं मावलंच नव्हतं. "आकडा घसरला, कारण बायका" एवढंच पुढे गेलं होतं.

आठवड्याने कचेरीचं पत्र आलं. शेऱ्यातलं कारण पटण्यासारखं असल्याचं त्यात म्हटलं होतं. वर्ग तूर्त बंद ठेवायचा होता, आणि चांगलं काम कसं चालतं ते बघायला ताईने पंधरा दिवस नदीपलीकडच्या वस्तीत जायचं होतं. तिथे असा वर्ग कधी झालाच नव्हता. तिथे अजून सगळ्या बायकांचे पाचपैकी पाच होते.