सरांच्या वहीतली तारीख

पहिल्या सात जणींत अस्मिताचं नाव नव्हतं. उपनगरच्या कबड्डी संघाची निवड समिती मुलुंडच्या मैदानावर खुर्च्या टाकून बसली होती, आणि तिच्या क्रीडा मंडळाची सगळ्यांत तेज चढाईपटू राखीव बाकावर. असा योग वर्षातून एकदाच यायचा. पुढच्या वर्षी ती अठरा पूर्ण करणार, म्हणजे या अठराखालच्या गटातून बाद.

तिने कारण विचारलं. प्रशिक्षक नंदकिशोर सरांनी तिला बाजूला घेतलं आणि वही उघडून दाखवली. गेल्या मोसमात एक मुलगी पाळीच्या दिवसांत सामना चालू असताना चक्कर येऊन पडली होती. तेव्हापासून सर सगळ्यांच्या तारखा लिहून घेत. पोरींनी माना खाली घालून सांगितल्या होत्या. मागची तारीख, त्यापुढे अठ्ठावीस दिवस मोजून लाल गोल. अस्मिताचा गोल आजच्या तारखेवर होता.

"सर, मला आलेली नाहीये," ती म्हणाली. "माझी कधी पंचवीस दिवसांनी येते, कधी चाळीस. डॉक्टर म्हणाल्या, या वयात होतं असं. आणि आली असती तरी मी खेळले असते."

"तुझ्या भल्यासाठीच बोलतोय ना. काही झालं तर तुझ्या आईला मी काय तोंड दाखवू?"

सरांच्या बोलण्यात खोट नव्हती, म्हणून तर तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दुष्ट माणसाशी भांडता तरी येतं. इथे तिच्या पोटातलं तिच्यापेक्षा एका शंभर पानी वहीला जास्त कळत होतं, आणि सरांचा विश्वास वहीवर होता.

तिच्या जागी ऋतिका उतरली. पहिल्याच चढाईत तिने दोन गडी टिपले, पुढच्या चढाईत बोनस आणला. समितीतल्या बाई कागदावर काहीतरी लिहू लागल्या. अस्मिताला तिचा हेवा वाटला आणि हेवा वाटल्याची लाजही.

मध्यंतराला ऋतिका पाणी प्यायचं सोडून थेट बाकाशी आली आणि तिच्या कानाला लागली. "पॅड आहे का गं तुझ्याकडे? सकाळीच आली. माझी पुढच्या आठवड्यातली लिहिलीय. सरांना बोलू नको यार."

सर पाच पावलांवर उभे होते. एक वाक्य बोललं असतं तर वही खोटी ठरली असती. ऋतिका बाकावर आली असती आणि अस्मिता मैदानात. वाक्य अगदी जिभेवर आलं होतं. तिने ते गिळलं आणि पिशवीतून पॅड काढून ऋतिकाच्या हातात दिलं.

उत्तरार्धात ऋतिकाने अजून चार गुण आणले. सर खूश होऊन अस्मिताच्या शेजारी येऊन बसले.

"बघितलंस? उगाच रुसलीस माझ्यावर. आजच्या दिवशी ठणठणीत पोरगी उतरवली, तर केवढा फरक पडला."

मैदानात ऋतिका पुन्हा चढाईला निघाली होती. अस्मिता तळहात दुखेपर्यंत टाळ्या वाजवत राहिली.